दहा हजारांत एक

समुद्रातून निघणारे बहुतेक सारे शंख एकाच अंगाने वळलेले असतात. उलट वळणाचा शंख क्वचितच हाती लागतो, आणि म्हणूनच तो देवघरात जपून ठेवला जातो. तथापि असा शंख दुर्मिळ असला तरी अशक्य नसतो. नेहमीच्या शंखाचे आरशात जे प्रतिबिंब दिसते, तेच रूप त्या विरळ्या शंखाने प्रत्यक्षात घेतलेले असते, आणि निसर्गाचा कोणताही नियम त्याच्या आड येत नाही. आरशात घडताना दिसणारी प्रत्येक गोष्ट प्रत्यक्ष सृष्टीतही घडू शकली पाहिजे, डावे आणि उजवे यांच्यात सृष्टीच्या मूळ नियमांनी पंक्तिप्रपंच करता कामा नये, ही समजूत १९५६ सालापर्यंत पदार्थवैज्ञानिकांच्या मनात इतकी दृढमूल होती की, तिची परीक्षा घेण्याची आवश्यकताही फारशी कोणाला भासली नव्हती.

त्या वर्षी ली आणि यांग या अमेरिकेत काम करणाऱ्या दोघा चिनी शास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट निदर्शनास आणली. किरणोत्सर्गात अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तो ज्या दुर्बल बलामुळे, त्या बलाच्या बाबतीत ही समता कोणीच तपासून पाहिलेली नव्हती. श्रीमती वू यांनी वॉशिंग्टन येथे कोबाल्टची अणुकेंद्रे अतिशीत तापमानात एका दिशेने वळवून ती परीक्षा घेतली, आणि १९५७ च्या आरंभी निकाल जाहीर झाला. दुर्बल बल डावे-उजवे मानते, आणि तेही थोडेथोडके नव्हे. त्याच वर्षी सुदर्शन आणि मार्शाक यांनी या बलाचे गणिती स्वरूप मांडले. दुर्बल बलाचा हा व्यवहार मुख्यतः डाव्या कणांशीच चालतो, असा त्याचा मथितार्थ होता. केरळात जन्मलेले सुदर्शन अमेरिकेस जाण्यापूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते.

अणूला एकत्र बांधून ठेवणारे विद्युत्-चुंबकीय बल मात्र निःपक्षपाती ठरले होते. विजेच्या आकर्षणाला डाव्या-उजव्याची ओळखच नाही. हे दोन स्वभाव इतके भिन्न की, ती दोन बले एकाच मुळापासून निघाली असतील, ही कल्पनाही प्रथमदर्शनी असंभाव्य वाटावी. परंतु नेमकी हीच कल्पना पुढे आली, आणि तिचा खरेखोटेपणा ठरविण्याचे काम एका इलेक्ट्रॉनच्या झोतावर येऊन पडले.

अंधाऱ्या खोलीत काय ठेवले आहे हे पाहता येत नसेल, तर एकामागून एक चेंडू आत फेकावेत आणि ते कोणत्या बाजूस उडतात हे पाहून आतील वस्तूचा आकार ताडावा, असा हा मार्ग आहे. वैज्ञानिक त्याला प्रकीर्णन म्हणतात. १९११ साली रदरफोर्ड यांनी याच मार्गाने अणूच्या पोटात अणुकेंद्र असल्याचे दाखविले. त्यांचे चेंडू म्हणजे आल्फा कण होते. पुढे इलेक्ट्रॉन हा चेंडू अधिक सोयीचा ठरला, कारण त्याला आतील रचना आढळलेली नाही आणि त्याचे विद्युत्-चुंबकीय वर्तन गणिताने अतिशय बिनचूक सांगता येते. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात हॉफस्टॅटर यांनी १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनचा मारा करून प्रोटॉनचा आकार मोजला. तो बिंदुमात्र नाही, त्याला विस्तार आहे, हे त्यातून सिद्ध झाले आणि १९६१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यानंतर स्टॅनफर्डलाच सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, बाणासारखा सरळ वेगवर्धक उभा राहिला. १९६६ पासून त्यातून इलेक्ट्रॉन धावू लागले. फ्रीडमन, केंडल आणि टेलर यांनी तेथे दाखवून दिले की, प्रोटॉनच्या पोटातही टणक, बिंदुवत असे काही आहे. तेच पुढे क्वार्क म्हणून ओळखले गेले. या शोधाबद्दल त्या तिघांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरीकडे सिद्धांताच्या प्रांतात ग्लॅशो यांनी १९६१ मध्ये, वाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये आणि पाकिस्तानचे अब्दुस सलाम यांनी १९६८ मध्ये विद्युत्-चुंबकीय आणि दुर्बल या दोन्ही बलांना एका सूत्रात ओवणारी मांडणी केली. आरंभी तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७१ साली हॉलंडमधील तरुण संशोधक टूफ्ट यांनी ही मांडणी गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे असे सिद्ध केल्यावर ती सर्वांच्या विचाराचा विषय झाली. तिच्या पोटात एक नवे भाकीत होते. दुर्बल बलाचा एक विद्युत्‌भारहीन वाहक असला पाहिजे. त्याला झेड असे नाव देण्यात आले. १९७३ साली जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत न्यूट्रिनो कणांच्या झोतात त्याच्या अस्तित्वाच्या खुणा आढळल्या.

या खुणांनी सिद्धांताला बळ आले, पण निर्णय झाला नाही. न्यूट्रिनोला विद्युत्‌भार नसतो. त्याचा झेडशी संबंध आला म्हणून इलेक्ट्रॉनचाही तसाच येतो, असे म्हणता येत नव्हते. दोन बलांचे मूळ खरोखरच एक असेल, तर इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या जवळून जाताना त्यांच्यात प्रकाशकणाची देवघेव होईल तशीच क्वचित झेडचीही होईल. झेड डावे-उजवे मानतो, प्रकाशकण मानत नाही. तेव्हा विद्युत्-चुंबकीय प्रकीर्णनाच्या प्रचंड पसाऱ्यात डाव्या-उजव्याचा एक सूक्ष्म भेद उमटलाच पाहिजे. अशा प्रकीर्णनात समता मोडलेली दिसू शकेल, हे रशियातील झेल्डोविच यांनी १९५९ सालीच सुचविले होते. एकटा झेड इतका दुबळा की त्याचा परिणाम वेगळा काढून दाखविणे दुरापास्त. परंतु मोठ्या लाटेवर लहान तरंग मिसळला म्हणजे लाटेची उंची जशी किंचित बदलते, तसा प्रकाशकणाच्या मोठ्या परिणामात मिसळलेला झेडचा लहान परिणाम हाती लागण्याचा संभव होता. तो किती असावा, याचे सिद्धांताने दिलेले उत्तर दहा हजारांत एक भागाच्या आसपासचे होते.

हा भेद पाहण्याचा दुसराही एक मार्ग होता. अणूमधील इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्र यांच्यातही झेडची देवघेव व्हावी, आणि त्यामुळे बिस्मथच्या वाफेतून जाणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवीकरणाचे प्रतल अत्यल्प फिरावे, अशी अपेक्षा होती. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे आणि अमेरिकेत सिॲटल येथे हे प्रयोग झाले. १९७६ च्या अखेरीस आणि १९७७ मध्ये दोन्हींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपेक्षित प्रमाणाचा भेद कोठेच आढळला नव्हता. एकीकरणाच्या सिद्धांतावर आलेले हे मोठे संकट होते. काही सिद्धांतकार इलेक्ट्रॉनच्या बाबतीत भेद दिसणार नाही अशी फेरफार केलेली रूपे रचू लागले. १९७८ च्या आरंभी सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे बार्कोव्ह आणि झोलोतोरेव्ह यांना मात्र बिस्मथमध्येच भेद आढळला. एकच धातू, एकच प्रश्न आणि उत्तरे परस्परविरोधी, असा पेच पडला.

अशा वेळी स्टॅनफर्डच्या वेगवर्धकावर चार्ल्स प्रेस्कॉट, रिचर्ड टेलर आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले होते. येल विद्यापीठाचे व्हर्नन ह्यूज आणि युरोपातील काही संशोधकही त्यांच्यासमवेत होते. त्यांची पहिली अडचण झोताचीच होती. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो, याला परिवलन म्हणतात. स्क्रू उजवीकडे फिरवला म्हणजे पुढे सरकतो, तशा रीतीने फिरत जाणारा इलेक्ट्रॉन उजवा, आणि उलट फिरणारा डावा. सामान्य झोतात डावे आणि उजवे सारखेच मिसळलेले असतात. प्रयोगाला हवा होता इच्छेनुसार डावा किंवा उजवा करता येणारा झोत, आणि तोही भरपूर. त्यापूर्वी येलच्या संशोधकांनी लिथियमच्या अणूंपासून असा झोत मिळविला होता, परंतु या कामास तो अपुरा पडला असता. मार्ग सापडला तो गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात. पृष्ठभागावर सीझियम चढविलेल्या या स्फटिकावर गोलाकार ध्रुवीकरण झालेला लेसरचा प्रकाश पाडला, की एका परिवलनाचे इलेक्ट्रॉन अधिक संख्येने बाहेर पडतात. प्रकाशाचे ध्रुवीकरण उलटविले की इलेक्ट्रॉनचे परिवलनही उलटते, आणि यंत्राच्या इतर कोणत्याही भागास हात लावावा लागत नाही. झोताचे ध्रुवीकरण सरासरीने शेकडा ३७ इतके भरले.

दुसरी अडचण मोजणीची. शंभर वेळा नाणे उडविले तर छापा नेमका पन्नास वेळा पडत नाही, थोडेबहुत मागेपुढे होतेच. झोतात काही इलेक्ट्रॉन विरुद्ध परिवलनाचे मिसळलेले असल्याने प्रत्यक्षात अपेक्षित फरक होता तो असा: उजव्या झोतात १०,००० इलेक्ट्रॉन विखुरले, तर डाव्या झोतात १०,००१ विखुरावेत. परंतु १०,००० च्या मोजणीत निव्वळ योगायोगानेच शंभराचा चढउतार होतो. त्यात एकाचा काय पाड लागणार! मोजणी एक हजार कोटींपर्यंत नेली, तर योगायोगाचा चढउतार एका लाखाच्या घरात राहतो आणि खरा फरक दहा लाखांचा होतो. तेव्हा कोठे तो गर्दीतून डोके वर काढतो. म्हणून प्रेस्कॉट यांनी एकेक इलेक्ट्रॉन मोजण्याची रीतच सोडून दिली. वेगवर्धक सेकंदाला १२० स्पंद सोडी. प्रत्येक स्पंदातून द्रवरूप ड्यूटेरियमच्या ३० सेंटिमीटर लांबीच्या लक्ष्यावर आदळून सुमारे हजार इलेक्ट्रॉन शोधकयंत्रात येत, आणि त्या सर्वांचा एकत्रित संकेत नोंदला जाई. धान्य दाणे मोजून न घेता मापाने घ्यावे, तसाच हा प्रकार.

तिसरी अडचण सर्वांत बिकट होती. परिवलन उलटविताना झोताची जागा केसभर सरकली, किंवा त्याची ऊर्जा किंचित बदलली, तर तेवढ्यानेही दहा हजारांत एकाचा फरक सहज पडू शकेल, आणि यंत्रातील दोष निसर्गाचा नियम म्हणून नोंदला जाईल. सूक्ष्म फरक दिसणे ही गोष्ट म्हणूनच प्रयोगाचा अर्धाच भाग ठरते. दिसलेला फरक खरा आहे हे दाखविणे हा त्याचा खरा भाग होय. प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी जी योजना केली, तिच्यातच या प्रयोगाचे मोठेपण आहे. स्पंद डावा की उजवा हे ठराविक क्रमाने न ठरविता यदृच्छेने ठरविले जाई, त्यामुळे यंत्रातील सावकाश होणारे बदल दोन्ही बाजूंस सारखेच वाटले जात. झोताची स्थिती व ऊर्जा सतत मोजून संगणकाच्या साहाय्याने आवरली जाई. शोधकयंत्रेही दोन, परस्परांहून भिन्न प्रकारची होती.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांनी तो फरक मुद्दाम नाहीसा करून पाहिला. लेसरच्या मार्गातील प्रकाश गाळणारा लोलक ४५ अंशांनी फिरविला की झोताचे ध्रुवीकरण संपे. मग इतर सर्व काही तसेच चालू असूनही फरक शून्यावर आला पाहिजे. लोलक ९० अंशांनी फिरविला की फरकाची दिशा उलटली पाहिजे. तसेच झाले. एक कसोटी तर निसर्गानेच पुरविली. वेगवर्धकातून बाहेर पडलेला झोत प्रयोगगृहाकडे नेताना चुंबकांनी २४.५ अंशांतून वळवावा लागे. या वळणावर इलेक्ट्रॉनचे परिवलन त्याच्या गतीच्या दिशेपेक्षा कितीतरी अधिक फिरते, आणि किती अधिक, हे त्याच्या ऊर्जेवर अवलंबून असते. १९.४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टला जो झोत उजवा म्हणून येऊन पोचे, तोच १६.२ अब्जांना डावा होऊन पोची. मधल्या १७.८ अब्जांना परिवलन गतीच्या दिशेला आडवे पडे, म्हणजे झोत ना डावा ना उजवा. झोताच्या हलण्याडुलण्यातून निर्माण होणारा खोटा फरक ऊर्जेच्या या लहरीप्रमाणे नाचण्याचे काहीच कारण नव्हते. मोजलेला फरक मात्र एका ऊर्जेला धन, दुसरीला ऋण आणि मधल्या ऊर्जेला शून्याशी जुळता, असा त्या लहरीबरहुकूम चालत होता.

जून १९७८ मध्ये प्रेस्कॉट यांनी स्टॅनफर्डच्या सभागृहात हा निकाल सांगितला. डाव्या परिवलनाचे इलेक्ट्रॉन किंचित अधिक विखुरतात. झोताच्या अपुऱ्या ध्रुवीकरणाचा हिशेब केल्यावर फरकाचे प्रमाण दहा हजारांत सुमारे दीड भाग भरत होते. सिद्धांतात एक असा आकडा आहे की तो सिद्धांत स्वतः सांगत नाही, प्रयोगानेच सांगावा लागतो. प्रकाशकण आणि झेड यांचे मूळ घटक कोणत्या प्रमाणात मिसळले आहेत हे दाखविणारा तो मिश्रणकोन होय. स्टॅनफर्डच्या मापनातून त्या कोनाच्या ज्येचा वर्ग ०.२० आला, मागेपुढे ०.०३. न्यूट्रिनोच्या प्रयोगांतून निघालेल्या आकड्याशी तो जुळला. ज्या कणाला विद्युत्‌भार नाही आणि ज्याला आहे, त्या दोघांनी एकच साक्ष दिली. १९७९ साली याच गटाने अधिक विस्तृत मापन करून तो आकडा ०.२२४ असा सुधारला, आणि फेरफार केलेल्या पर्यायी रूपांनाही त्यामुळे आधार उरला नाही. त्याच वर्षी ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८३ मध्ये सर्न येथे डब्ल्यू आणि झेड हे कण प्रत्यक्ष सापडले. पुढे अणूंवरील प्रयोगही सुधारत गेले आणि तेही याच उत्तराशी येऊन मिळाले.

येथे एखाद्या सिद्धांताचा विजय झाला म्हणून कथा संपावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु विजयी सिद्धांतालाच पुन्हा पुन्हा कसोटीवर घासणे हा विज्ञानाचा परिपाठ आहे. या सिद्धांताला गुरुत्वाकर्षण सामावून घेता आलेले नाही, आणि विश्वातील अदृश्य द्रव्याचा उलगडाही त्यातून होत नाही. तेव्हा त्याच्या पलीकडे काही आहे हे उघड आहे. ते पलीकडचे अवजड कण कोणत्याही वेगवर्धकाच्या आवाक्याबाहेर असले, तरी झेडप्रमाणेच एखाद्या मोठ्या लाटेवरील बारीक तरंग होऊन ते आपली चाहूल देऊ शकतील. त्यासाठी डाव्या-उजव्याचा भेद अधिकाधिक अचूकपणे मोजत जाणे आले.

स्टॅनफर्ड येथे २००२ आणि २००३ साली झालेल्या प्रयोगात इलेक्ट्रॉनवर इलेक्ट्रॉनचाच मारा करण्यात आला. या प्रकीर्णनाचे गणित डेन्मार्कचे मोलर यांनी १९३२ साली मांडले होते. त्याचेच भावंड म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचे प्रकीर्णन. त्याचे गणित १९३६ साली मुंबईच्या होमी भाभांनी केंब्रिज येथे असताना प्रसिद्ध केले, आणि जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सर्नच्या मोठ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन वेगवर्धकावर १९८९ पासून झेडचा जो सूक्ष्म अभ्यास झाला, त्यात टकरींची संख्या ठरविण्याचा मापदंड म्हणून भाभा प्रकीर्णनाचाच उपयोग केला गेला. स्टॅनफर्डच्या या नव्या प्रयोगात आढळलेला भेद एका अब्जात अवघा १३१ भाग होता. मिश्रणकोनाचा आकडा उच्च ऊर्जेस ०.२३१ च्या आसपास असतो, तो कमी ऊर्जेस किंचित वाढला पाहिजे, हे सिद्धांताचे सूक्ष्म भाकीतही त्यातून खरे ठरले. त्यानंतर व्हर्जिनियातील जेफर्सन प्रयोगशाळेत २०१० ते २०१२ या काळात प्रोटॉनवर मारा करून दुर्बल बलाच्या दृष्टीने प्रोटॉनचा भार मोजण्यात आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेला तो आकडा होता ०.०७१९, आणि सिद्धांताचा आकडा ०.०७०८. मापनातील संभाव्य चूक लक्षात घेता दोन्ही एकच. याहीपुढे जाऊन, अब्जात सुमारे ३३ भाग इतका लहान भेद मोजणारा प्रयोग त्याच प्रयोगशाळेने योजिला आहे. त्याला मोलर यांचेच नाव देण्यात आले आहे.

१९७८ ते २०१८ या चाळीस वर्षांत मोजणी दहा हजारांतील एकावरून अब्जातील काही भागांवर आली, पण कामाची रीत तीच राहिली. प्रत्येक प्रयोगात परिवलन पुनःपुन्हा उलटवायचे, तो फरक आपल्याच यंत्रातून निघाला नाही ना हे पाहायचे, आणि जेथे तो नाहीसा झाला पाहिजे तेथे होतो की नाही हे तपासायचे. १९७७ मध्ये बिस्मथच्या निष्कर्षांवरून सिद्धांत टाकून दिला असता, तर ती घाई ठरली असती. उलट सिद्धांत सुंदर आहे म्हणून ते निष्कर्ष दुर्लक्षिले असते, तर तीही आत्मवंचनाच झाली असती. निर्णय झाला तो, ज्यांनी आपल्या हाती आलेल्या उत्तरावर सर्वांआधी स्वतःच अविश्वास दाखविला, त्यांच्या मोजणीने.

उलट वळणाचा शंख ओळखायला नजर पुरते. निसर्गाचा उपजत डावेपणा ओळखायला हजारो कोटी इलेक्ट्रॉन मोजावे लागले, आणि त्यांतील दहा हजारांमागे एकानेच तो सांगितला.